तिकीट काढल्यावर भाडे उतरले तर?

चवथीला घरी येणाऱ्या मुलांची तिकिटे जून-जुलैमध्येच काढून ठेवण्याची रीत आता पेडणे-डिचोलीतल्या बऱ्याच घरांत रुळली आहे. मोपाचा विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला आणि बंगळूर, हैदराबाद, मुंबईला असलेल्या मुलांचे येणे-जाणे आपल्या तालुक्यातूनच होऊ लागले. त्याबरोबर एक नवा प्रश्नही आला. पालक सभा संपल्यावर एका पालकांनी तो विचारला: "तिकीट काढले तेव्हा सहा हजार आठशे पडले. पंधरा दिवसांनी त्याच विमानाचे, त्याच दिवसाचे चार हजार नऊशे दिसते. हे एकोणीसशे रुपये मागायचे कोणाकडे?"

उत्तर एका वाक्यात देता येते. भारतातल्या कोणत्याही नियमाने हा फरक परत देण्याचे बंधन विमान कंपनीवर नाही. पण तेवढ्यावर थांबलो तर पालकांचे पैसे उगाच जातील, कारण याच नियमांत काही पैसे असे आहेत की ते हक्काने परत मिळतात आणि आपले लोक ते मागतच नाहीत. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी यातली गणिते वहीवर करून पाहावीत. घरात ऑनलाइन तिकीट काढण्याचे काम हल्ली त्यांच्याकडेच असते.

आधी भाडे खाली-वर का होते ते पाहू. डिचोलीच्या बाजारात चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या सामानाचा भाव काय असतो आणि चवथीनंतर दोन दिवसांनी काय असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. आदल्या दिवशी दुप्पट पैसे देऊन नारळाची पेंड किंवा सुपारीचे कातरे घेतलेला माणूस नंतर विक्रेत्याकडे फरक मागायला जात नाही. विमानाची खुर्चीही अशीच नाशवंत वस्तू आहे. विमान उडाले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. मात्र बाजारात आणि विमानात एक मोठा फरक आहे. म्हापशाच्या बाजारात संध्याकाळ झाली की मासळी स्वस्त होते. विमानाचे भाडे शेवटच्या दिवसांत बहुधा चढते, कारण त्या वेळी तिकीट काढणारा माणूस अडलेला असतो. मुलाखत असते, आजारपण असते, कोणी गेलेले असते. कंपनीला हे पक्के माहीत असते.

एकाच विमानातल्या, एकाच प्रकारच्या खुर्च्या कंपनी वेगवेगळ्या भावाच्या गटांत विभागते. पहिला गट स्वस्त, तो संपला की पुढचा महाग, असे करत करत वर. रेल्वेने ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरान्तो गाड्यांना जी बदलते भाडेपद्धत लावली, ती याच कल्पनेवर होती. दर १० टक्के जागा भरल्या की मूळ भाडे १० टक्क्यांनी वाढायचे आणि ठरलेल्या मर्यादेला थांबायचे. रेल्वेची पायरी सर्वांना दिसते आणि ती वरच जाते. विमान कंपनीच्या पायऱ्या दिसत नाहीत आणि त्या खालीही येतात. विक्री अपेक्षेपेक्षा मंद असली की कंपनी बंद केलेला स्वस्त गट पुन्हा उघडते. एजंटांनी अडवून ठेवलेल्या जागा परत आल्या, दुसऱ्या कंपनीने त्याच मार्गावर नवे उड्डाण घातले, किंवा पावसाळ्यात पर्यटक आटले, तरी भाडे उतरते. गोव्यासाठी हा शेवटचा मुद्दा मोठा आहे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत आपल्याकडची विमाने पर्यटकांनी भरतात आणि आपल्या मुलांना त्यांच्याशी स्पर्धा करून घरी यावे लागते.

यातून एक लहानशी गोष्ट सांगण्यासारखी निघते. चौघांचे तिकीट एकत्र शोधले आणि स्वस्त गटात तीनच जागा उरल्या असतील, तर संगणक सामान्यतः चौघांनाही पुढच्या महाग गटाचा भाव दाखवतो. म्हणून आधी एका माणसाचे भाडे पाहावे, मग चौघांचे. आकडा वेगळा आला तर तिघांचे एक आणि एकाचे एक अशी दोन तिकिटे काढण्याचा विचार करावा. लहान मूल मात्र मोठ्या माणसाच्याच तिकिटात ठेवावे.

भाडे ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना कशी मिळाली, तेही थोडक्यात. १९५३ मध्ये देशातल्या खाजगी विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि चार दशके देशांतर्गत प्रवास म्हणजे इंडियन एअरलाइन्स. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला, खाजगी कंपन्यांना दार उघडले. २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त विमानसेवा सुरू केली, एक रुपयाच्या तिकिटाची जाहिरात केली, आणि 'आज काय भाव' हा प्रश्न विमानालाही लागू झाला. सरकार आता अपवादानेच मध्ये पडते. मे २०२० मध्ये टाळेबंदीनंतर उड्डाणे सुरू झाली तेव्हा भाड्याला खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा घातल्या गेल्या, त्या ३१ ऑगस्ट २०२२ ला उठल्या. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, इतरांची भाडी भडकली, तेव्हा ६ डिसेंबरला सरकारने तात्पुरती कमाल भाडी ठरवून दिली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० किलोमीटरपर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००, कर व विमानतळ शुल्क वेगळे. म्हणजे सरकारचे लक्ष भाडे फार वर गेले तर असते. खाली उतरले तर तो कंपनीचा आणि प्रवाशाचा आपसातला मामला.

परदेशात असलेल्या आपल्या काही कुटुंबांचा अनुभव वेगळा असतो आणि त्यामुळे येथे गैरसमज होतो. अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीने तिकीट बदलण्याचे शुल्क कधी घेतलेच नाही. २०२० मध्ये करोनाकाळात युनायटेड, डेल्टा, अमेरिकन या मोठ्या कंपन्यांनीही देशांतर्गत प्रवासाच्या बहुतेक तिकिटांवरचे बदलशुल्क काढून टाकले. त्याचा परिणाम असा की भाडे उतरले तर प्रवासी तेच विमान नव्या भावाने पुन्हा घेतो आणि उरलेला फरक त्याच्या नावावर जमा राहतो. हा पैसा रोख मिळत नाही. त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटासाठी वापरता येतो, आणि तोही मुदतीत. सर्वांत स्वस्त प्रकारच्या तिकिटांना ही सोय सहसा नसते. साउथवेस्टनेही मे २०२५ पासून नियम आवळले आणि जमा रकमेला मुदत घातली. न्यू जर्सीतला भाऊ "मला तर फरक मिळाला" म्हणतो तेव्हा तो खरेच बोलत असतो, पण त्याचे तिकीट वेगळ्या बाजारातले असते.

आता आपल्या नियमांकडे येऊ. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे तिकीट परताव्याचे नियम २००८ मध्ये आले आणि १ ऑगस्ट २०१६ पासून त्यांत प्रवाशांच्या बाजूने चांगल्या सुधारणा झाल्या. त्यांतली पहिली अशी की, तिकीट रद्द करण्याचा आकार कोणत्याही परिस्थितीत मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांच्यापेक्षा जास्त असू शकत नाही. दुसरी त्याहून महत्त्वाची. तिकीट रद्द केले, वापरले नाही, किंवा प्रवासी विमानतळावर पोचलाच नाही, तरीही सरकारी कर आणि विमानतळाचे प्रवासी शुल्क परत मिळाले पाहिजे. 'परतावा नाही' असे छापलेल्या सवलतीच्या तिकिटालाही हे लागू आहे. परताव्याचे काम करण्याबद्दल कंपनीने वेगळा आकार घ्यायचा नाही.

पालकांच्या प्रश्नातलेच आकडे घेऊन गणित करू. तिकीट ६,८०० रुपये. त्यात मूळ भाडे व इंधन अधिभार ५,६०० आणि कर-शुल्क १,२०० असे समजू. रद्द करण्याचा आकार ३,५०० धरू. (हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक तिकिटाचे वेगळे असतात.) रद्द केल्यावर हाती येतात ३,३००. नवे तिकीट ४,९०० चे. म्हणजे खिशातून आणखी १,६०० गेले. जुने भाडे उणे नवे भाडे उणे रद्द करण्याचा आकार, एवढेच हे सूत्र. उत्तर धन आले तर बदला, ऋण आले तर जुने तिकीट घेऊन स्वस्थ बसा. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात ते बहुतेक वेळा ऋणच येते. आखाती देशांच्या किंवा युरोपच्या महाग तिकिटांत फरकच दहा-बारा हजारांचा पडतो, तेथे मात्र गणित करून पाहणे जरूर आहे. परदेशी कंपनीचा परतावा तिच्या देशाच्या नियमांनुसार होतो, हे लक्षात असू द्यावे.

दुसरे गणित न केलेल्या प्रवासाचे. तिकीट ३,००० चे, त्यात मूळ भाडे व इंधन अधिभार १,९००, कर-शुल्क १,१००. कंपनीच्या तक्त्यात रद्द करण्याचा आकार ३,५०० लिहिलेला आहे. लोक म्हणतात, "तिकिटापेक्षा आकार जास्त, मग रद्द कशाला करायचे?" आणि तिकीट तसेच वाया घालवतात. पण नियमाप्रमाणे आकार १,९०० वरच थांबतो. १,१०० रुपये परत मागता येतात. चार माणसांच्या कुटुंबाचे ४,४०० होतात. मला वाटते, भाड्यातला फरक मागण्यापेक्षा हे पैसे मागायला शिकणे आपल्या लोकांना जास्त उपयोगी आहे. अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावर करता येतो. एजंटाकडून काढलेले तिकीट असले तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची असते, कारण एजंट तिचाच प्रतिनिधी मानला जातो. एजंटाची स्वतःची फी मात्र वेगळी. ती परत मिळेल की नाही हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.

भाडे उतरल्याचा खरा फायदा घेता येतो तो पहिल्या काही तासांत. २०१९ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या प्रवासी सनदेत अशी तरतूद आली की, प्रवास सात दिवसांहून पुढे असेल तर तिकीट काढल्यापासून २४ तासांत ते जादा आकार न देता रद्द करता येते किंवा बदलता येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये महासंचालनालयाने ही मुदत ४८ तास करण्याचा मसुदा मांडला, त्यात प्रवास किती दिवस पुढे असावा याचेही आकडे वेगळे होते. तेव्हा तिकीट काढण्याच्या दिवशी कोणती मुदत लागू आहे ते कंपनीच्या पानावर पाहूनच पुढे जावे. ही सोय कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटाला विनासायास मिळते. दुसऱ्या पोर्टलवरून काढले तर ते आपली फी कापून घेऊ शकते.

म्हणून माझा सल्ला असा. लांबच्या तारखेचे तिकीट सकाळी काढावे, रात्री एकदा आणि दुसऱ्या दिवशी मुदत संपण्यापूर्वी एकदा भाडे पाहावे. उतरले असेल तर लगेच बदलावे. त्याच विमानात त्याच नावाने दोन तिकिटे करू नयेत, कंपनीची यंत्रणा दुहेरी नोंद रद्द करू शकते. आधी जुने रद्द करावे, मग नवे घ्यावे. जुन्या तिकिटाचे पैसे यायला काही दिवस लागतात, तेवढे दिवस दोन्ही तिकिटांचे पैसे आपल्याकडे असले पाहिजेत. महिनाअखेरीस पगाराच्या हिशेबात हे बसते का, ते आधी पाहावे. मुदत संपली की मात्र भाडे पाहणे सोडून द्यावे. रोज मोबाइल उघडून हळहळण्यात अर्थ नाही.

एक संधी पुढेही येऊ शकते. कंपनीनेच उड्डाण रद्द केले तर पूर्ण परतावा घ्यायचा की दुसरे विमान, ही निवड प्रवाशाची असते. अशा वेळी घाईने 'मान्य' हे बटण दाबू नये. त्या दिवशीचे इतर विमानांचे भाडे आधी पाहावे. ते उतरलेले असेल तर पूर्ण पैसे परत घेऊन स्वस्त तिकीट काढता येते, चढलेले असेल तर कंपनीचे दुसरे विमान स्वीकारावे.

आता 'क्रेडिट'विषयी. परतावा मागितला की काही वेळा कंपनी किंवा पोर्टल विचारते, पैसे खात्यावर परत हवेत की पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवू? याला क्रेडिट शेल म्हणतात. जमा ठेवणे हा प्रवाशाचा अधिकार आहे, कंपनीने ते परस्पर करायचे नाही, असे २०१६ च्या नियमांत स्पष्ट आहे. तरीही मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, उड्डाणे थांबली, आणि कंपन्यांनी सरसकट पैसे जमा ठेवायला सुरुवात केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने असे ठरले की, २५ मार्च ते २४ मे २०२० या टाळेबंदीच्या काळात त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत द्यावेत. आधी काढलेल्या तिकिटांचे पैसे पंधरा दिवसांत द्यावेत, आणि कंपनी खरोखर अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल असे क्रेडिट द्यावे. ते कोणत्याही मार्गावर वापरता येईल, दुसऱ्याच्या नावे करता येईल, आणि न वापरल्यास शेवटी पैसे परत मिळतील. शिवाय ही रक्कम पडून राहिल्याबद्दल ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि पुढे दरमहा पाऊण टक्का भर घालावी.

विद्यार्थ्यांनो, हे उदाहरण सोडवा. एप्रिल २०२० मध्ये रद्द झालेल्या तिकिटाचे ६,००० रुपये जमा आहेत. एप्रिल, मे, जून असे तीन महिने दरमहा ३० रुपये, म्हणजे ९०. जुलै ते मार्च असे नऊ महिने दरमहा ४५, म्हणजे ४०५. ३१ मार्च २०२१ ला एकूण ६,४९५. न्यायालयाने हे का केले, ते यावरून कळते. जमा ठेवलेला पैसा म्हणजे प्रवाशाने कंपनीला दिलेले कर्जच.

आणि कर्ज बुडू शकते. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. गो फर्स्ट ही मोपाहून सुरुवातीलाच उडू लागलेली कंपनी. तिने मे २०२३ च्या सुरुवातीला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३ मेपासून विमाने जमिनीवर आली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिचे विसर्जन करण्याचा आदेश दिला. अशा कंपनीत ज्यांचे पैसे अडकले, ते बँका आणि इतर देणेकऱ्यांच्या रांगेत मागे उभे राहिले. म्हणून क्रेडिटवर 'दहा टक्के जास्त' असे आमिष असले तरी, पुढचा प्रवास तीन-चार महिन्यांत नक्की नसेल तर पैसे खात्यावरच घ्यावेत. घेतलेच तर मुदतीची तारीख आणि नावाची अट घरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी.

भाड्याची तुलना करताना पेडणे-डिचोलीकरांनी आणखी एक हिशेब धरावा. गोव्याला आता दोन विमानतळ आहेत, संगणकावर दाबोळीचे चिन्ह 'जीओआय' आणि मोपाचे 'जीओएक्स'. दाबोळीचे तिकीट सातशे रुपयांनी स्वस्त दिसले म्हणून घ्यायचे आणि पहाटे टॅक्सीला त्याहून जास्त द्यायचे, असे होते. डिचोली-साखळीच्या लोकांनी दोन्हीकडचे टॅक्सीभाडे किंवा बसची वेळ धरूनच बेरीज करावी. काही कंपन्या १२ वर्षांवरच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर सवलत आणि जादा सामान देतात. बाहेर शिकणाऱ्या मुलांनी शाळा-कॉलेजचे ओळखपत्र चालू मुदतीचे ठेवावे, विमानतळावर ते मागतात. थोडे जादा पैसे घेऊन 'विनाआकार रद्द' अशी सोय विकली जाते, ती तारीख खरोखर अनिश्चित असेल तरच घ्यावी. उदाहरणार्थ, परीक्षेचे वेळापत्रक लागायचे असेल तर.

परतावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करून क्रमांक घ्यावा. मग केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर नोंद करावी. तेवढ्याने भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. अकराशे रुपयांसाठी कोणी आयोगाकडे जाणार नाही, हे मान्य. पण पहिल्या पायरीवरच, नियमाचा उल्लेख करून लिहिलेल्या चार ओळींनी पैसे आल्याची उदाहरणे आहेत. तिकिटाची प्रत, भाड्याची फोड दाखवणारे पान आणि रद्द केल्याची पोच एवढे कागद जपावेत.

विश्वस्तांसाठी एक मुद्दा. शाळेच्या संघाला किंवा सहलीला विमानाने न्यायचे झाले तर दहा किंवा अधिक प्रवाशांचे तिकीट सहसा 'गट' म्हणून वेगळ्या अटींवर दिले जाते. भाडे आधी ठरते, काही रक्कम अनामत भरावी लागते, नावे नंतर देता येतात. बाजारात भाडे नंतर उतरले तरी गटाचे उतरत नाही, आणि चढले तरी चढत नाही. लेखापरीक्षणाच्या वेळी कोणी इंटरनेटवरचा नंतरचा भाव काढून "एवढे जास्त का दिले?" असे विचारले तर उत्तर फाईलमध्ये असावे. त्यासाठी तिकीट काढण्याच्या दिवशी निदान दोन कंपन्यांचे भाव छापून, त्यावर तारीख व वेळ घालून, कार्यवाहांची सही घेऊन लावून ठेवावेत. मुले किती येणार हे पक्के होईपर्यंत अनामत भरू नये, कारण गळालेल्या मुलांच्या जागेचे पैसे किती कापले जातील ते त्या गटाच्या अटींवर ठरते. या अटी कंपनीकडून लेखी घ्याव्यात आणि त्यांची एक प्रत पालकांना संमतिपत्रासोबत द्यावी.